गोधडीची पारख

जुन्या कापडातून घरासाठी काही नवे करण्याच्या उद्योगाला मराठीत 'टाकाऊतून टिकाऊ' असे सुटसुटीत नाव मिळाले आहे. शाळेतील कार्यानुभवाच्या तासापासून महिला मंडळांच्या प्रदर्शनांपर्यंत, आणि देवस्थानच्या उत्सवात भरणाऱ्या हस्तकलेच्या दालनापर्यंत ते सर्वत्र ऐकू येते. जुन्या साडीचा पडदा, सदऱ्यापासून केलेला उशीचा अभ्रा, चिंध्यांचे पायपुसणे, खणांचे तोरण अशा वस्तू तेथे मांडलेल्या असतात. आपण त्यांवरून नजर फिरवतो, करणारीच्या कल्पकतेचे कौतुक करतो आणि पुढे जातो. ह्या कौतुकात वाईट काहीच नाही. परंतु सगळ्या वस्तूंच्या वाट्याला सारखेच कौतुक आले म्हणजे त्याची किंमत राहत नाही. गायनाची बैठक ऐकून आल्यावर आपण सूर, लय आणि बंदिशीची मांडणी ह्यांविषयी तासभर वाद घालतो. एका देवळाच्या सभामंडपातील कोरीव खांबांची तुलना शेजारच्या गावच्या खांबांशी करतो. शिवलेल्या वस्तूपुढे मात्र 'छान आहे' ह्यापलीकडे आपल्याजवळ शब्द नसतो.

असे का व्हावे? माझ्या मते ह्याचे कारण असे की, ह्या प्रांतातील आपली सर्वांत मोठी निर्मिती जी गोधडी, तिच्याकडेच आपण कलाकृती म्हणून कधी नीट पाहिलेले नाही. तिच्यावर आपण प्रेम केले, तिची पारख केली नाही. मराठी लेखनात गोधडी आली की ती बहुधा आईच्या किंवा आजीच्या मायेची ऊब होऊन येते. ती ऊब खरी आहे, तिच्याविषयी वाद नाही. परंतु मायेने टाका सरळ पडत नाही. तो सरावाने पडतो. मायेने रंग जुळत नाहीत. ते पाहणाऱ्या डोळ्याने जुळतात. गोधडीला केवळ माया म्हणून थांबणे म्हणजे ती शिवणाऱ्या स्त्रीच्या अंतःकरणाचा गौरव करून तिच्या हाताचा व बुद्धीचा हिशेब न मांडणे होय. गोधडीची पारख कशी करावी हे एकदा उमगले, तर आजच्या 'टाकाऊतून टिकाऊ' वस्तूंतील खरे काम कोणते आणि नुसती हौस कोणती हे सांगणेही अवघड राहणार नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम नावाविषयी थोडेसे. देशावर गोधडी किंवा वाकळ, गोव्याच्या कोंकणीत गोदडी, बेळगाव-धारवाडकडे कवदी, अशी ह्या वस्तूची नावे आहेत. संस्कृतात जिला कंथा म्हणतात ती ठिगळांची वस्त्रवस्तू हीच; बंगालीतील 'कांथा' हा शब्द तिच्याच कुळातला. नाथपंथी जोग्याच्या वेषात शिंगी व शैली ह्यांच्या जोडीला कंथाही मोजली जाते. गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक गोधडेबुवा म्हणत, तेही त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या वस्त्रामुळेच. म्हणजे ठिगळ हे एकीकडे विरक्ताने बुद्ध्या पत्करलेले चिन्ह आहे, तर दुसरीकडे संसारी माणसाने काटकसरीसाठी केलेली सोय आहे. दोघांच्या प्रेरणा भिन्न, तथापि वस्त्राविषयीची दोघांची दृष्टी एकच: जोवर धागा धरून आहे तोवर कापडाचे आयुष्य संपलेले नाही.

ही दृष्टी आपल्या घरांत किती खोलवर मुरलेली होती हे पाहावयाचे असेल तर एखाद्या सुती नऊवारी लुगड्याचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. लुगडे बसण्याउठण्याच्या जागी आधी विरते. दोन्ही टोके पुष्कळ दिवस चांगली राहतात. मग मधला विरलेला भाग कापून काढावयाचा आणि उरलेले दोन चांगले तुकडे एकमेकांस जोडून लुगडे पुन्हा नेसते करावयाचे. ह्याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले लुगडे आणखी काही वर्षे चाले. पुढे त्याचे जुनेर झाले की ते घरात नेसावयास, कामाधामाला. त्याहून मऊ झाले की त्याची तान्ह्या मुलाची दुपटी, कुंची आणि लंगोट होत. बाळंतविड्यात नव्या कापडापेक्षा शंभर धुण्यांनी मऊ पडलेल्या कापडाला मान असे, कारण बाळाच्या कातडीला तेच सोसते. त्यानंतर गोधडी. गोधडीतूनही जे गळेल त्याचे फडके, डोक्यावरील ओझ्याखालची चुंबळ आणि शेवटी पोतेरे. धूतवस्त्राच्या एखाद्या स्वच्छ पट्टीला पीळ देऊन तिचा काकडा होई आणि पहाटेच्या आरतीत ती देवापुढे जळून जाई. कापडाचा ह्याहून चांगला शेवट कल्पिता येणे कठीण आहे.

ह्या प्रवासात एकही मुक्काम असा नाही की जेथे कापड 'टाकाऊ' झाले. म्हणून 'टाकाऊतून टिकाऊ' हा शब्दप्रयोगच मला थोडा खटकतो. आधी टाकावयाचे ठरवून मग त्यातून काही वाचवावयाचे, ही पुष्कळ कपडे असलेल्या घराची रीत झाली. जुन्या रीतीत कापड टाकले जात नसे, ते पायरीपायरीने उतरत असे. प्रत्येक पायरीवर 'आता हे कापड कशाच्या योग्यतेचे आहे?' हा एकच प्रश्न विचारला जाई. गोधडीच्या पारखीतील पहिली कसोटी ह्याच प्रश्नातून निघते. तिला निवडीची कसोटी म्हणू.

उत्तम गोधडीत कापडाचा प्रत्येक तुकडा आपापल्या योग्यतेच्या जागी असतो. मजबूत आणि दाट विणीचे कापड बाहेरच्या थराला. विरलेले, परंतु मऊ कापड आतल्या थरांना. अंगाला लागणाऱ्या बाजूस सुती. निरनिराळ्या जातींची कापडे एकत्र आली तर धुतल्यावर ती निरनिराळ्या मानाने आटतात. नवे जाडेभरडे कापड न धुता जुन्या लुगड्याशेजारी शिवले तर पहिल्याच धुण्यात त्याला चुण्या पडून शेजारच्या तुकड्याला ताण बसतो. आजच्या अनेक 'गोधड्यां'तून पॉलिएस्टरची साडी वरच्या थराला दिसते. ती रंगाने झळकते, विटत नाही, हे खरे. परंतु ती घाम शोषून घेत नाही आणि अंगावरून सरकते. पांघरुणाचे काम जिच्याने होत नाही त्या कापडास पांघरुणात मुख्य जागा देणे ही निवडीतील चूक होय. रंगसंगतीने ती झाकत नाही.

निवडीबरोबर हिशेबही आला. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्याचे चार सारखे भाग केले तर प्रत्येक भाग पावणेसात फूट लांबीचा निघतो, म्हणजे उंच माणसालाही पुरेल एवढा. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंचांचा धरला, तर एका लुगड्यात एका माणसाच्या दुलईचे चार थर बसतात. अथवा दोन दोन भाग जोडून दोघांना पुरेल असे दुहेरी पांघरूण होते आणि आतील भरणीसाठी दुसरे जुनेर शोधावे लागते. कागदपेन्सिलीवाचून हा हिशेब करणाऱ्या स्त्रिया घरोघर होत्या. कातर कमीत कमी चालवावी आणि तरीही माप बरोबर यावे, ह्यात त्यांचे कौशल्य होते. जेथे पुष्कळ कापून थोडेच वापरले आहे ते काम दिसावयास कितीही नीटनेटके असले तरी काटकसरीच्या कलेत ते उणेच ठरेल.

दुसरी कसोटी टाक्याची. गोधडीचा टाका म्हणजे साधा धावदोरा. शिवणकामातील सर्वांत सोपा टाका. परंतु सोपा टाका पांघरूणभर, सहासहा-आठआठ थरांतून, बोटभर अंतराच्या ओळींनी सारखा चालवणे ही सोपी गोष्ट नव्हे. थर जमिनीवर अंथरून, कच्च्या दोऱ्याने जागच्या जागी धरून, पुष्कळ ठिकाणी काठापासून शिवण सुरू होते आणि चारी बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे जाते. प्रदक्षिणेसारखी ही वाट आहे. हिच्यात एक अडचण असते: कडेकडून शिवत गेल्यावर थरांतील ढिलेपणा पुढे सरकत सरकत मध्यावर गोळा होतो. कुशल हात तो प्रत्येक फेरीत तळव्याने निपटून थोडाथोडा जिरवीत जातो. अकुशल हाताच्या गोधडीत मध्यभागी झोळ उरतो किंवा कापडाची घडी दुमडून शिवली जाते. म्हणून गोधडी पाहावयाची झाली की तिचा काठ पाहून भुलू नये. सरळ मध्यावर हात ठेवावा. नंतर ती उलटून मागील बाजू पाहावी. टाके मागेही तितकेच सारखे असतील, दोऱ्याच्या गाठी थरांच्या आत लपलेल्या असतील, तर ते काम पारखीला उतरले म्हणावयाचे.

हा टाका शोभेसाठी नाही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तो थर धरून ठेवतो, विरलेल्या कापडाला शेजारच्या कापडाचा आधार देतो आणि गोधडीच्या पृष्ठावर ज्या बारीक लाटा उठतात त्याही त्याच्याच ओढीमुळे उठतात. म्हणजे जे सौंदर्य आपण पाहतो ते कामाच्या ओघात उपजलेले आहे, वरून चिकटवलेले नाही. शिवणयंत्राची टीप वेगळ्या जातीची असते. ती घट्ट बसते, थर दाबून टाकते आणि गोधडी ताठ होते. यंत्र वापरू नये असे माझे म्हणणे नाही. अभ्र्याला, पडद्याला, पिशवीला यंत्राचीच टीप योग्य. परंतु मऊपणा हा ज्या वस्तूचा प्राण आहे तिला ताठ करणारे साधन लावणे, हे प्रयोजनाशी विसंगत आहे एवढेच.

तिसरी कसोटी मांडणीची. येथे आपल्या गोधडीची तुलना दोन शेजारणींशी करून पाहणे उपयोगी ठरेल. बंगालच्या कांथ्यात टाका चित्र काढतो. मध्ये कमळ, कोपऱ्यांत झाडे, मधून हत्ती, घोडे, पालख्या, कधी पुराणातील प्रसंग; आणि त्यासाठी जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत दोरे उसवून घेतलेले. बंगालचे सुदैव असे की, तेथे हे काम डोळसपणे पाहणारी माणसे वेळीच भेटली. गुरुसदय दत्त ह्यांनी कांथे जमवले व त्यांच्या संग्रहाचे कोलकात्याजवळ संग्रहालय झाले. कवी जसीमुद्दीन ह्यांच्या १९२९ सालच्या प्रसिद्ध काव्याच्या नावातच कांथा आहे. आणि स्टेला क्रामरिश ह्यांनी १९३९ साली कांथ्यावर स्वतंत्र निबंध लिहून त्याची रचना एखाद्या मंडलाची करावी तशी उलगडून दाखवली. आपल्याकडे असे लक्ष फार उशिरा गेले. महाराष्ट्रातील गोधड्यांवर गीता खंडेलवाल ह्यांचे पुस्तक झाले, ते इंग्रजीत.

दुसरी शेजारीण तर आपल्या अंगणाला लागूनच आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या तालुक्यांत आणि खानापूरच्या रानात सिद्दी समाजाची वस्ती आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तेथून निसटून घाटावरील जंगलांत आश्रय घेतलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्या घरातील बोली कोंकणीशी नाते सांगते. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कवदीला ते कवंद म्हणतात. सिद्दी स्त्रियांची कवंद पाहिली म्हणजे मांडणी हा काय प्रकार आहे ते लगेच कळते. गडद रंगांचे लहानमोठे तुकडे, कोठेही ठरीव नक्षी नाही, मधूनच एखादा क्रूस किंवा चंद्रकोर, आणि तरीही सगळे मिळून एक तोल साधलेला. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची त्रिकोणी 'फुला' बसवतात. ती नसली तर कवंद उघडी राहिली असे त्या मानतात. अमेरिकन कलेतिहासकार हेन्री ड्रूअल ह्यांनी ह्या कामाचा अभ्यास करून ते परदेशांत नेऊन दाखवले. गोव्याच्या इतिहासाशी इतक्या दुःखद रीतीने बांधलेल्या ह्या कलेचे नावही गोव्यातील पुष्कळ घरांना ठाऊक नसावे, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

ह्या दोघींच्या शेजारी आपली गोधडी ठेवली तर ती मितभाषी वाटते. ती चित्र काढीत नाही, रंगांचा जल्लोष करीत नाही. तिची मांडणी मुख्यतः काठांवर उभी असते. लुगड्याचा काठ चौकटीसारखा फिरवावयाचा, पदराचा भाग मध्ये किंवा उशाशी आणावयाचा, धोतराचा पांढरा तुकडा दोन गडद तुकड्यांमध्ये विसाव्यासारखा ठेवावयाचा, अशी तिची रीत आहे. इरकलीचा पदर, नारायणपेठेचा काठ, महेश्वरीचे पट्टे, गोव्याच्या कुणबी कापडाच्या तांबड्या चौकटी ह्यांतील काय तिच्यात आहे ह्यावरून त्या कुटुंबाने कोठे कोठे संसार केला, लेकी कोठे दिल्या आणि सुना कोठून आणल्या, ह्याचा अदमास लागू शकतो. इंदूर-बडोद्यापासून हैदराबादेपर्यंत पसरलेल्या मराठी घरांत तर अशी गोधडी हा एक कौटुंबिक दस्तऐवजच असतो. मांडणीची पारख करताना पाहावयाचे ते असे: तुकडे हाताला आले तसे जोडले आहेत की त्यांच्यात काही विचार आहे? काठ जुळवताना रेषा सांभाळली आहे का? डोळ्याला थांबावयास जागा ठेवली आहे का? उत्तम गोधडीत ह्या तिन्ही प्रश्नांना उत्तरे मिळतात, आणि ती शिवणारीला ठाऊक होती ह्याविषयी संशय राहत नाही.

निवड, टाका आणि मांडणी ह्या तीन कसोट्या हाती घेऊन आता प्रदर्शनातील टेबलाकडे वळावयास हरकत नाही.

सदऱ्याचा उशीचा अभ्रा ही मला सर्वांत यशस्वी वस्तू वाटते. सदऱ्याचा पुढचा भाग बटणपट्टीसकट घ्यावयाचा, पाठीचा भाग त्याला मागून जोडावयाचा आणि उशीच्या मापापेक्षा चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी सोडावयाचा. बटणपट्टी हेच अभ्र्याचे तोंड होते. वेगळी चेन नको, नाडी नको. बटणे लावणे हे सदऱ्यात जे काम करीत होते तेच ते अभ्र्यात करते. वस्तूचा जुना गुण नव्या जन्मात उपयोगी पडला, ह्याहून निवडीचे चांगले उदाहरण मिळणार नाही. खर्च म्हणाल तर दोऱ्याचा.

साडीचा पडदा हाही हिशेबाने केला तर सुंदर होतो. सहावारी साडीत साडेसात फुटांचे दोन पडदे निघतात आणि तीनएक फूट कापड वर झालरीला उरते. झालरीला पदराचा भाग लावावा. साडीचे काठ आपोआप पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, त्यांस निराळी गोट लावण्याचे कारण पडत नाही. चूक होते ती साडी आडवी लावण्यात आणि वर टिकल्या, आरसे, लेस ह्यांची भर घालण्यात. ज्या कापडाला विणकराने आधीच काठ आणि पदर दिलेला आहे त्याला आणखी सजवणे म्हणजे विणकराच्या बोलण्यात मध्येच बोलणे आहे.

ओटीचे खण आपल्या घरांत पुष्कळ साठतात. कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात. त्यांची तोरणे, उशांचे अभ्रे, टेबलावरील पट्ट्या अलीकडे सर्वत्र दिसतात. गुळेदगुड्डच्या खणाचे विणकाम इतके देखणे असते की साध्या चौकोनी तुकड्यातही ते शोभते. मात्र ते कापड कातरल्या जागी लवकर सुटते आणि ताण सोसत नाही. अस्तर न लावता केलेला खणाचा अभ्रा सहा महिन्यांत शिवणीपाशी फाटतो. म्हणून येथे पारख आतून करावयाची: अस्तर आहे का, कडा दुमडून शिवल्या आहेत का? आणि दुसरे असे की, देवीच्या प्रसादाचे वस्त्र पायपुसण्यात जाऊ नये, हे आपल्या जुन्या बायकांना सांगावे लागत नसे. त्याचे पोथीचे बासन करावे, देवघराचा पडदा करावा, जपमाळेची पिशवी करावी. ह्याला कोणी नुसता भावनेचा प्रश्न म्हणेल. मला तो निवडीचाही प्रश्न वाटतो. कापडाची योग्यता ओळखण्यात त्याचा इतिहास ओळखणेही येते.

पायपुसण्यासाठी जाड सुती पँटी, टॉवेल, सतरंजीचे तुकडे ही खरी सामग्री. पट्ट्या कापून तीन पदरी वेणी घालावी, ती गोल गुंडाळीत जाऊन प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला मजबूत दोऱ्याने धरावा. फेरे फार ओढून शिवले तर ते वाटीसारखे उचलले जाते, फार सैल सोडले तर कडेला लाटा येतात. सपाट बसले म्हणजे हात तयार झाला असे समजावे.

गणपतीच्या मखरातही जुन्या साड्यांना आता पुन्हा दिवस आले आहेत. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली आणि अनेक घरे कापडाच्या पडद्याकडे व चांदव्याकडे वळली. हे चांगलेच झाले. पेडण्याच्या दसऱ्यात तरंगांना लुगडी नेसवलेली ज्यांनी पाहिली आहेत त्यांना नुसत्या निऱ्यांनी केवढी शोभा येते हे सांगावयास नको. परंतु समई आणि निरांजन ह्यांच्या मागे कृत्रिम धाग्याची साडी टांगू नये. ती ज्योतीजवळ वितळते आणि वितळलेला भाग अंगाला चिकटून भाजतो. सुती कापडही जळतेच, म्हणून ते चुण्यांसकट दिव्यापासून हातभर दूर असावे. शोभेच्या वस्तूची परीक्षा करताना ती सुरक्षित आहे की नाही हे पाहणे रसिकतेच्या बाहेरचे मानू नये.

राहिली भिंतीवर टांगलेली गोधडी. अंथरुणातून उठून ती दिवाणखान्यात आली, ह्याचा मला आनंद आहे. पाहण्याजोगी वस्तू पाहिली गेली पाहिजे. तथापि तिला वरच्या दोन कोपऱ्यांत खिळे मारून लटकवणे हा तिच्यावर अन्याय आहे, कारण सगळे वजन त्या दोन टाक्यांवर येते. पाठीमागे वरच्या काठाला पूर्ण लांबीची कापडी नळी शिवून तीतून दांडी घालावी, म्हणजे भार सारखा वाटला जातो. आणि उन्हाच्या तिरिपेत ती लावू नये, रंग उडतात.

आता एका प्रवृत्तीविषयी स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. नवे कोरे कापड दुकानातून आणावयाचे, त्याचे तुकडे करावयाचे आणि ते पुन्हा जोडून 'गोधडी' म्हणून मांडावयाचे, असे काम आता पुष्कळ होते. शिंप्याकडची कतरण वापरणे निराळे. ती खरोखरीच वाया जाणार असते. परंतु चांगल्या कापडाला मुद्दाम गरिबीचे सोंग देण्यात काटकसर नाही, आणि जिच्या कारणाने हे रूप जन्मास आले ती गरजही नाही. तुकड्यांच्या कामातील सौंदर्य हे अडचणीतून काढलेल्या वाटेचे सौंदर्य आहे. हाताशी एवढेच कापड, एवढेच रंग, आणि तरीही त्यातून तोल साधावयाचा, हे त्यातील आव्हान. सगळे रंग विकत घेता येत असताना तो तोल साधण्यात तितकी कसोटी राहत नाही. कोणी म्हणेल, असे काम दिसावयास सुरेख असते. असेल, त्याला शोभेची चादर म्हणून गुण द्यावेत. गोधडीचे गुण देऊ नयेत.

ह्याच्या उलट एक आक्षेप माझ्यावरही घेता येईल. गरजेतून झालेल्या वस्तूला कलेच्या कसोट्या लावणे हा भरल्या पोटाचा खेळ नाही काय? जिला थंडीत मुलांना पांघरूण हवे होते तिने रेषेचा आणि रंगाचा विचार केला असेल काय? आक्षेप विचार करण्यासारखा आहे. गोधडीच्या मागे अनेकदा दारिद्र्य होते, ते रम्य करून सांगण्यात मला स्वारस्य नाही. गावोगाव हिंडून मजुरीवर वाकळा शिवून देणाऱ्या स्त्रियाही होत्या. त्यांच्या बोटांना पडलेल्या घट्ट्यांना कोणी माया म्हटले नाही. परंतु गरज असताना रंग कसेही जोडले तरी चालले असते, टाका वाकडा गेला तरी ऊब आलीच असती. आणि तरीही ज्या गोधड्यांत काठ जुळवलेले दिसतात, पांढरा तुकडा नेमका मध्ये आलेला दिसतो, तेथे गरजेच्या पलीकडे काहीतरी केलेले आहे. जे करणे भाग नव्हते ते जेथे केले गेले तेथे कलेचा आरंभ होतो. संत नामदेवांच्या एका पदात गज, कातर, सुई, धागा ह्या शिंप्याच्या हत्यारांची रूपके आहेत आणि ते पद गुरुग्रंथसाहिबात पोहोचले आहे. शिवणारा हात विचार करतो, हे आपल्या परंपरेला नवे नाही. फक्त बायकांच्या हाताविषयी ते आपण मान्य केलेले नाही.

ह्यावरून एक व्यवहारातील सूचना करावीशी वाटते. आपल्या देवस्थानांच्या आणि मंडळांच्या प्रदर्शनांत शिवणाच्या वस्तू दरवर्षी येतात. त्या टेबलावर पालथ्या घालूनही पाहता येतील अशा ठेवाव्यात. प्रत्येक वस्तूशेजारी एक चिठ्ठी असावी: कोणते कापड, कोठले, किती जुने, किती दिवसांचे काम आणि कोणाच्या हातचे. परीक्षक नेमावयाचे तर जिने स्वतः दहा-पाच गोधड्या शिवल्या आहेत अशी एखादी वयस्क स्त्री त्यांत अवश्य असावी, मग ती व्यासपीठावर भाषण करू शकत नसली तरी चालेल. तिला मध्यावर हात ठेवू द्यावा आणि तिचे मत मोठ्याने सांगू द्यावे. घरी ज्या जुन्या गोधड्या उरल्या आहेत त्यांच्याही मागे एक सुती पट्टी शिवून तिच्यावर शिवणारीचे नाव आणि अंदाजे साल घालावे. हे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे नाही. कारण सुती लुगडी नेसणारी पिढी मावळत आली आहे, आणि पुढील जुनेरे निराळ्याच धाग्याची असतील.

त्या निराळ्या धाग्यातूनही चांगले काम होऊ शकेल. कृत्रिम कापडाला शोषण नाही, पण बळ आहे. त्याच्या बाजारच्या पिशव्या, छपरीतल्या झोपाळ्याच्या गाद्यांची बाहेरची खोळ, भाजी-धान्य पसरावयाची आडी अशा वस्तू वर्षानुवर्षे टिकतील. प्रश्न तोच विचारावयाचा आहे, जो लुगड्याला विचारला जाई: आता हे कापड कशाच्या योग्यतेचे आहे? ज्या घरात हा प्रश्न नीट विचारला जातो आणि त्याचे उत्तर हाताने दिले जाते, तेथे गोधडी शिवली गेली नाही तरी गोधडीची विद्या चालू राहिली असे म्हणता येईल.